चिंचेनं घासलेले शिपाई

सुशीलाबाईंच्या घरात मळाला थारा नव्हता. सदाशिव पेठेतल्या त्या चार मजली इमारतीत कुणाकडे सत्यनारायण असो की वास्तुशांत, आदल्या दिवशी समया, ताम्हनं, तांब्या-पळ्या सगळं दुसऱ्या मजल्यावर सुशीलाबाईंकडे यायचं. चिंच, मीठ, चिमूटभर सोडा आणि नारळाची शेंडी. एवढ्याशा सामग्रीवर त्या भांड्याचा असा कायापालट करायच्या, की देणारीला आपलंच भांडं ओळखू येऊ नये. "यश आहे हो तुमच्या हाताला," असं कुणी म्हटलं की त्या देवघराकडे बोट दाखवायच्या, "माझं कसलं, त्याचं." पण मनातून सुखावायच्या. माणूसच ते.

माहेर लोणी काळभोरचं. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासू नव्हती. नवरा हिंमतराव, मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा सांभाळणारे, आणि धाकटा दीर श्यामसुंदर, तेव्हा नुकता कॉलेजात गेलेला. दिराला त्यांनी लेकरासारखं वाढवलं म्हटलं तरी चालेल. पुढं तो एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायला लागला, लग्न काही केलं नाही, आणि 'भावजी' म्हणून याच घरात राहिला.

हिंमतरावांनी गाळा वेगळं बिऱ्हाड केलेल्या पोराच्या हाती दिला, पण जिभेवरचा गाळा काही उतरला नाही. माल बघायचा, एका वाक्यात भाव सांगायचा आणि पुढं व्हायचं. माणसांच्या बाबतीतही तेच.

घरात चौथं माणूस म्हणजे सोजरबाई. धुणं, भांडी, केर, फरशी. एकोणीस वर्षं झाली त्यांना. त्याही लोणीच्याच, सुशीलाबाईंच्या वस्तीपासून दोन शेतं पलीकडच्या. नवऱ्याच्या मागं शहरात आल्या आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत राहिल्या. दोघी एका गावच्या लेकी, म्हणून मालकीण-मोलकरीण असं नातं कधी नव्हतंच, असं सुशीलाबाई सगळ्यांना सांगायच्या. स्वतःलाही सांगायच्या.

आता भावजींच्या छंदाचं सांगायला हवं, कारण सगळं महाभारत तिथूनच झालं.

भावजी निवृत्त झाले आणि वर्षभर गॅलरीत बसून रिकाम्या हाताकडे बघत राहिले. मग वरच्या मजल्यावरचा केदार, आयटीतला, एक दिवस अंगठ्याएवढा धातूचा शिपाई घेऊन आला. पटावर लढाईचे खेळ खेळतात ना ही मुलं, फासे टाकून, त्यातला. "काका, तुमचा हात बारीक आहे म्हणतात. याला रंग देता येईल का?" भावजींनी तो शिपाई दोन बोटांत धरला, खिडकीशी नेला, आणि त्यांचं आयुष्य पुन्हा सुरू झालं.

हिंमतराव त्यांना सोंगट्या म्हणत. केदार आणि मंडळी 'मिनीज' म्हणत. भावजी मात्र 'शिपाई' म्हणत, मग त्यात चेटकीण असो नाहीतर हत्ती. दर रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत वर्ग भरायचा. केदार, वैष्णवी आणि त्यांचे आणखी दोघं-तिघं, सगळे तिशीतले, लॅपटॉपवर बोटं चालवणारे. सुशीलाबाई स्वयंपाकघरातून पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकायच्या.

"केदारराव, हा रंग आहे का श्रीखंड?"

"काका, घट्ट लावला की एका हातात काम होतं ना."

"होतं की. शिपायाचं नाक बुजतं, तेवढंच काय ते. रंग ताकासारखा हवा. ताकातसुद्धा पाणी जास्त, दही कमी. एक हात पातळ, वाळू द्यायचा, मग दुसरा. घाई असेल त्यानं भिंती रंगवाव्यात."

कधी वैष्णवीवर पाळी यायची. "ब्रश अर्ध्यापर्यंतच बुडवा. वरच्या पत्र्यात रंग शिरला की केस फाकतात, मग त्यानं गाद्या झटका. आणि दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवा. हात कापला तर दोन्ही एकदम कापतील, रेष वाकडी जाणार नाही." शिपाई हातात धरायचाच नाही, बाटलीच्या बुचावर चिकटवायचा आणि बूच धरायचं. डोळे आधी करायचे, चेहऱ्याचा रंग मागून. म्हणजे डोळा बाहेर सांडला तर चेहऱ्याच्या रंगानं सावरून घेता येतो. आणि शेवटी हातभर अंतरावरून बघायचं. "पटावर भिंग घेऊन कुणी बसत नाही. हातभरावरून बरं दिसलं की थांबायचं. थांबता येणं हीच कला. बाकी सगळा सराव."

पण भावजींचं खरं कसब होतं सावलीत. रंग पुरा झाला की ते गडद रंग पाण्यासारखा पातळ करून अंगावर सोडायचे. तो आपोआप झग्याच्या चुण्यांत, बोटांच्या फटींत, चिलखताच्या कडांशी जाऊन बसायचा आणि सपाट बाहुलीला एकदम खोली यायची. मग कोरड्या ब्रशानं उंचवट्यांवर उजळ रंगाचा नुसता वारा द्यायचा. "उजेड कुणीही देईल," ते म्हणायचे, "अंधार कुठं ठेवायचा ते कळलं पाहिजे."

हे वाक्यही सुशीलाबाईंनी ऐकलं होतं. पण पोळी तव्यावर होती.

त्या वर्षी भावजींनी आठ महिने खपून अठ्ठावीस शिपायांची एक आख्खी फौज रंगवली. डोंगरातले धनुर्धारी, झुली घातलेले दोन हत्ती, आणि निशाण धरलेली एक म्हातारी. दिवाळीनंतर केदारच्या मंडळींचं प्रदर्शन होतं, त्यात ती मांडायची होती. आणि ती शेवटची होती. भावजींच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपा, बारीक काम बंद करा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. भावजींनी कुणाला फारसं सांगितलं नाही, फक्त वहिनींना म्हणाले, "ही एवढी पुरी केली, आता ब्रश ठेवला." फौजेवर रंग पक्का करणारा शेवटचा पारदर्शक हात तेवढा राहिला होता. हवेत ओल असताना तो मारला तर पांढरं धुकं धरतं, म्हणून ते पाऊस पुरता जायची वाट बघत होते. तोवर शिपाई बाहेरच्या कपाटात एका ताटलीत उभे होते.

घटस्थापनेच्या आदल्या गुरुवारची गोष्ट. दोघे भाऊ डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. सोजरबाई सकाळीच कपाटं पुसून, फरशी करून गेल्या होत्या. सुशीलाबाईंनी देव उतरवले, घासले, कोरडे करून पाटावर मांडले. बाळकृष्ण लखलखत होता. पातेल्यात चिंचेचा कोळ उरला होता, पाणी अजून गरम होतं, आणि हातात उत्साह होता. कपाटाच्या काचेतून त्यांची नजर शिपायांवर गेली.

चुण्याचुण्यांत काळं. बोटांच्या फटींत काळं. हत्तीच्या झुलीत तर नुसतं कीट.

'एवढे पाहुणे बघायला येणार, आणि ही अशी मळकट ध्यानं जाणार आपल्या घरातून? भावजींना दिसत नाही बिचाऱ्यांना. आपण केलं तर काय बिघडलं?' असं त्यांच्या मनात आलं. त्यात प्रेम होतं, खोटं कशाला बोला. पण 'यश आहे हो तुमच्या हाताला' हेही होतं.

एकेक घासायची त्यांची रीत नव्हती. देव जसे सगळे एकदम भिजत घालायचे, तसे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस शिपाई त्यांनी पातेल्यात सोडले आणि वर सोड्याची चिमूट टाकली. दूध उतू जायला आलं होतं ते बघून आल्या, दाराशी कुणी आलं त्याच्याशी बोलून आल्या. परत आल्या तर पाणी काळं झालं होतं. त्यांना बरंच वाटलं. बघा, केवढा मळ! एक शिपाई उचलून शेंडीनं घासला. मग पाणी निळसर झालं. मग तांबूस. मग त्यांनी तो शिपाई उजेडात धरला, तर त्याला तोंडच नव्हतं. राखाडी धातूचा एक गोळा, नाकाच्या जागी उंचवटा.

त्यांनी घाईघाईनं सगळे बाहेर काढले. कुणाच्या खांद्यावर थोडा हिरवा उरला होता, कुणाच्या पायाशी तपकिरी. हत्ती कोड फुटल्यासारखे दिसत होते. त्यांनी एकेक शिपाई फडक्यानं टिपला, होता त्याच क्रमानं ताटलीत उभा केला, पातेलं घासलं, मोरी धुतली आणि कपाटाचं दार लावलं.

तेव्हाच, दोघे भाऊ आल्या आल्या, त्या बोलल्या असत्या तर ही गोष्ट एवढ्यावर संपली असती. त्यांनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" आणि ताटं वाढली.

शुक्रवारी सकाळी भावजींनी कपाट उघडलं. कितीतरी वेळ ते पाठमोरे उभे होते.

"काय रे?" हिंमतरावांनी पेपरातून मान वर केली.

"रंग गेला, दादा."

"कशाचा?"

"सगळ्यांचा."

हिंमतराव उठून आले, ताटली बघितली आणि पहिला प्रश्न टाकला, "काल कपाट कुणी पुसलं?"

सोजरबाई तेव्हाच केरसुणी घेऊन दारात आल्या होत्या. "म्या पुसलं की. का वो?"

"कशानं पुसलंस?"

"फडक्यानं. रोज पुसते तसंच. पर ताटलीला हात नाय लावला म्या. भाऊनी सांगितलंय ना, लावायचा नाय म्हणून."

"मग आपोआप गेला का रंग? वारा लागला का वारा?"

सुशीलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी होत्या. शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. भावजींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते त्यांना धड कळलं नाही, पण सहन झालं नाही. "फोडणी करपेल," असं म्हणून त्या आत गेल्या. गॅसवर फोडणी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सोजरबाई आल्या त्या थेट भावजींपुढं हात जोडून उभ्या राहिल्या. रात्रभर विचार केला होता म्हणाल्या. "भाऊ, माझ्याच हातनं झालं असंल. वरच्या उल्काताईंकडं औषधाचं पाणी करून फरशी पुसते ना, त्येच फडकं आणलं असंल चुकून. आठवत नाय नीट. पर दुसरं कोन लावणार हात? चुकलं माझं. तुमचं एवढं डोळ्याचं काम..." आणि त्या रडायला लागल्या.

भावजी म्हणाले, "असू दे, सोजरबाई. जा तुम्ही आत."

सुशीलाबाई घटापुढं बसल्या होत्या. पहिल्या माळेचा दिवस. पोथी उघडी होती. एक निरपराध बाई आपलं पाप उचलून स्वतःच्या कपाळाला लावून घेते आहे, हे त्यांनी कानांनी ऐकलं आणि पुढची ओवी वाचली.

मन खायला लागलं म्हणून त्यांनी आणखी एक शहाणपण केलं. भावजी बाहेर गेलेले बघून निशाणवाली म्हातारी ताटलीतून काढली. रंगाच्या बाटल्या होत्याच. इतकी वर्षं कानांनी ऐकलंय, गौरीच्या मुखवट्याला दर वर्षी काजळ-कुंकू आपणच रेखतो, मग एवढं एक तोंड येणार नाही? एक नीट झाली तर बाकीच्या हळूहळू करू, कुणाला कळणारही नाही. ब्रशाला टोक आणायला भावजी तो ओठांत धरत. सुशीलाबाईंना ते उष्टं तोंडात घालवेना, म्हणून त्यांनी तो पदराला पुसला. त्याचे केस चारी दिशांना उभे राहिले. पाणी किती घालायचं ते कळेना. मनगटं टेकवायची आठवण झाली तेव्हा डोळा गालावर आला होता. तो पुसायला गेल्या तर तोंडभर पसरला. म्हातारीचं तोंड राख फासल्यासारखं झालं, आणि त्यात दोन काळे खड्डे.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. त्यांनी म्हातारी मुठीत धरली, देवघरापाशी गेल्या, आणि खणात, वातींच्या आणि कापराच्या खाली दडवली. त्या खणाला घरात दुसरं कुणी हात लावत नसे.

भावजींनी संध्याकाळी शिपाई मोजले. सत्तावीस.

"म्हणजे आता चोऱ्याही सुरू झाल्या," हिंमतराव म्हणाले. "आधी नासायचं, मग उचलायचं. केदार म्हणत होता ना, परदेशातून मागवतात, महाग असतात म्हणून? तिनंही ऐकलं असेल."

सोजरबाईंना दुसऱ्या दिवशी हे कळलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. केरसुणी भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या. "पुसलं असंल, साहेब. त्ये म्या म्हणले. पर उचललं नाय. ताई, तुम्ही सांगा की. लोणीची हाय मी. माझ्या आईला वळखत हुता तुम्ही."

"अगं, तुला कोण काय म्हणतंय," सुशीलाबाई म्हणाल्या. आणि नजर फरशीकडे वळवली. फरशी स्वच्छ होती. सोजरबाईंनीच पुसलेली.

नवरात्र चालू होतं. रोज नवी माळ, रोज खणातून वाती काढायच्या. रोज बोटांना ती म्हातारी लागायची. आरतीला घरात नेहमीसारखी शेजारणी-पाजारणी जमायच्या, आणि सुशीलाबाई टाळ्या वाजवत 'संकट निवारी' म्हणायच्या. तोंडातले शब्द तोंडातच खारट व्हायचे. उपास कडक केला, एका वेळेवर आल्या. हिंमतराव म्हणाले, "एवढं कडक करू नका, झेपायचं नाही." त्यांना वाटलं, श्रद्धा आहे. देवीला मात्र सगळं माहीत होतं, आणि ती बोलत नव्हती, हेच सुशीलाबाईंना सोसत नव्हतं.

सातव्या माळेला सोजरबाई आल्या नाहीत. आठव्याला नाहीत. नवव्या माळेला, रविवारी सकाळी, जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या उल्काताई भेटल्या.

"तुमच्याकडेही येत नाही ना ती? आम्ही काढूनच टाकली हो. हिंमतराव म्हणाले, लक्ष ठेवा. म्हटलं, लक्ष ठेवायला दुसरी बाई ठेवण्यापेक्षा हीच नको. एकोणीस वर्षांत कळलं नाही तुम्हाला, कमाल आहे!"

"नाही कळलं," सुशीलाबाई म्हणाल्या. कुणाबद्दल म्हणाल्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

घरात आल्या तर रविवारचा वर्ग भरला होता. भावजींनी ती उघडीबोडकी फौज टेबलावर मांडली होती आणि मुलांना शिकवत होते. जणू काही झालंच नाही.

"रंग गेला म्हणजे शिपाई मेला असं नाही. धातू आहे, टिकतो. उरलासुरला रंग काढायचा, साबणाच्या पाण्यानं धुवायचा, वाळू द्यायचा, पातळ अस्तर द्यायचं. आणि पहिल्यापासून."

"पण काका, तुमचे आठ महिने," केदार म्हणाला.

"ते गेले. तुम्ही करा आता. डोळे तुमचे, बडबड माझी."

वैष्णवी हलकेच म्हणाली, "त्या मावशींना कळलं नसेल हो, काका. त्यांना वाटलं असेल घाण आहे."

सुशीलाबाई देवघराशी गेल्या. खण उघडला. वाती बाजूला सारल्या. बाहेरच्या खोलीत येऊन त्यांनी ती राखतोंडी म्हातारी टेबलावर, सत्तावीस शिपायांच्या पुढ्यात ठेवली.

"मावशीला नाही वाटलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं. मी घासले. चिंच-सोड्यानं. ही पण मीच उचलली, रंगवायला. जमली नाही म्हणून देवाच्या खणात लपवली. सोजरनं काही केलेलं नाही. काहीच."

केदार उगाचच ब्रश पुसायला लागला. हिंमतराव आतल्या दारात उभे होते. त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "तुम्ही?" आणि मग, गाळ्यावर बोली फसल्यावर बोलावं तसं, "मी साऱ्या इमारतीला सांगत सुटलो ना."

मुलं निघून गेल्यावर सुशीलाबाई भावजींपुढं हात जोडून उभ्या राहिल्या. धाकट्या दिरापुढं. भावजी गडबडून उठले. "वहिनी, बसा. बसा आधी." मग खिशातून चष्म्याचं घर काढलं, त्यातून कागदाची पुडी, आणि पुडीतून चिंचेची एक बारीक शीर.

"हत्तीच्या झुलीत अडकली होती. पहिल्याच दिवशी मिळाली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"धुतलं कुणी ते माहीत होतं. म्हटलं, वहिनी आपणहून बोलतील. माझ्या तोंडून तुम्हाला चोर ठरवायला जीभ रेटेना. तुमची वाट बघत बसलो, आणि त्या बाईचं काय होतंय ते बघायचं राहिलं." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "डोळ्याचा दोष नाही हो हा. हे चांगलं दिसत होतं मला."

त्याच दुपारी दोघं दांडेकर पुलाकडे चालत गेले. हिंमतरावही निघाले होते, पण चपला घालून दारातच थांबले. म्हणाले, "मी आलो तर तिला बोलता येणार नाही." पहिल्यांदाच त्यांनी माणसाचा विचार करून भाव सांगितला असेल.

सोजरबाईंची खोली झाडून लख्ख होती. त्यांनी पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली. सुशीलाबाईंनी सगळं सांगितलं, काही न वगळता. भिजत घातलेलं, फोडणी नसताना आत गेलेलं, पोथी वाचत राहिलेलं. खणातलं. सोजरबाई ऐकत होत्या. तोंडावर राग नव्हता, तेच कठीण होतं.

"म्हंजी मी नव्हतं केलं," शेवटी त्या म्हणाल्या.

"नाही गं."

"मला वाटलं, आता हातात म्हातारपण आलं. काय करतो ते ध्यानात ऱ्हात नाय. सुनेला म्हणले, तू माझ्या हातची भांडी एकदा बघत जा. आठ दिस झाले, कुटं फडकं ठिवलं की परत जाऊन बघते, कुणाचं काय पुसलं तर नाय ना." त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे उलटेपालटे करून बघितले. "ताई, तुम्ही मला चोर म्हणू दिलं, त्ये सोसलं. पर माझ्याच हातांवरचा माझा इश्वास घालवलात की वो."

सुशीलाबाईंनी पदर पसरला. "पदर पसरते, सोजर. माफ कर."

"माफीचं ऱ्हाऊ द्या. त्ये हितं घरात मागून कोनाला दिसत नाय." सोजरबाई उठल्या, खुंटीवरची पिशवी घेतली. "चला. साहेबांनी जिथं जिथं सांगितलंय, तिथं तिथं सांगा. मी बरोबर येते. माझ्यासमोर सांगा."

उन्हं कलायला लागली होती. इमारतीच्या फाटकाशी वॉचमन पोपट खुर्चीवर बसला होता. त्याला बघताच सोजरबाई थांबल्या, कुणी काही म्हणायच्या आत पिशवीचं तोंड उघडलं आणि त्याच्यापुढं धरली. सवय झाल्यासारखी.

पोपट चटकन उभा राहिला. "अवो मावशी, ताई हायेत ना बरोबर. ऱ्हाऊ द्या." मग सुशीलाबाईंकडे बघून ओशाळं हसला. "साहेबांनी सांगितलं हुतं, जाता-येता बघत जा म्हणून. मी आपलं नुसतं वरवर बघायचो."

सुशीलाबाईंना हे माहीत नव्हतं. इतके दिवस, येता-जाता, रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत. त्यांची नजर उघड्या पिशवीत गेली. एक डबा, पाण्याची बाटली, कोरडं फडकं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं बदलायचं लुगडं.

"पोपट," त्या म्हणाल्या. भावजींनी पुढं होऊन बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं. पलीकडच्या क्लासची मुलं स्कूटर लावत होती, इस्त्रीवाला ऐकत होता. "पोपट, सोजरबाईंनी काही नेलं नाही. काही नासलंही नाही. सगळं मी केलं होतं, आणि गप्प राहिले. यापुढं त्यांची पिशवी बघायची असेल, तर आधी माझी बघायची."

"नाय नाय ताई, असं काय बोलता," पोपट खाली बघत म्हणाला.

सोजरबाईंनी पिशवीचे बंद आवळले. "आता उल्काताई," त्या म्हणाल्या, "मग पहिल्या मजल्यावरच्या. मग तुमच्या आरतीला येतात त्या सगळ्या."

आणि त्या जिना चढायला लागल्या. इतक्या वर्षांत त्या नेहमी सुशीलाबाईंच्या मागून चढत आलेल्या. आज त्या पुढं होत्या, कठड्याला न धरता. सुशीलाबाई पायरी पायरीनं त्यांच्या मागून गेल्या. तिसऱ्या मजल्यावर सोजरबाई बाजूला सरल्या आणि घंटेकडे बोट दाखवलं. आत उल्काताईंच्या चपला वाजल्या, "कोण आहे?" म्हणून आवाज आला, आणि सुशीलाबाई म्हणाल्या, "मी. दार उघडा. माझ्याबद्दल सांगायला आलेय."